कौलावरचं आडनाव

लग्न होऊन मी परळच्या चाळीत आले, त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं तर शेजारच्या खोलीतून एक उंच, किडकिडीत गृहस्थ बाहेर आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा आणि शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. माझ्याकडे बघून म्हणाले, "आडनाव?"

मी सासरचं सांगितलं. जिभेला अजून सवय नव्हती, तरी सांगितलं.

"ते दारावर लिहिलंय. माहेरचं सांग."

मी माहेरचं सांगितलं.

"गाव?"

गावही सांगितलं.

"घरं किती?"

मला प्रश्नच कळेना. तेव्हा ते जरा सावकाश म्हणाले, "तुमच्या आडनावाची गावात घरं किती आहेत?" मी म्हटलं, माहीत नाही बुवा, मी गिरगावात जन्मले, गावी दोनदाच गेलेय आणि दोन्ही वेळा घाटात उलट्या झाल्या. "सात," ते म्हणाले. "होती नऊ. दोन बंद झाली." एवढं बोलून स्वतःचं दूध दारातच विसरून आत निघून गेले. मी थक्क. माझ्या गावात माझी किती घरं आहेत हे मला माहीत नाही आणि या लेंगेवाल्या माणसाला माहीत आहे. मागून सासूबाईंनी विचारलं, "लिहिलंन का तुला?"

त्यांना सगळी चाळ काका म्हणायची, मीही म्हणू लागले. त्यांचं आडनाव इथे सांगणार नाही. का ते पुढे कळेलच, पण थोडक्यात असं की एकाच घराचं आडनाव सांगणं म्हणजे पत्ता सांगण्यासारखं आहे. काका जाऊन आता दोन वर्षं झाली. अजूनही कुणी नवीन माणूस भेटला की माझ्या ओठांवर पहिला प्रश्न त्यांचाच येतो, आणि मी तो गिळून टाकते.

परळच्याच एका मोठ्या इस्पितळात काकांनी उभी हयात रेकॉर्ड क्लार्क म्हणून काढली. केसपेपर लावायचे, काढायचे, परत लावायचे. दुसरा कुणी असता तर त्या कागदांना कंटाळला असता. यांना त्यातून आडनावांचं वेड लागलं. सगळी मुंबई आजारी पडून त्यांच्या खिडकीशी यायची आणि हे चष्म्यावरून बघत विचारायचे, आडनाव, गाव, घरं किती. घरी कापडी बांधणीची अकरा जाडजूड रजिस्टरं होती. एका पानावर एक आडनाव. वर गाव, वाडी, कुलदैवत, घरांचा आकडा आणि खाली माणसं. आहे ते माणूस निळ्या शाईत. गेलं की लाल.

त्या रजिस्टरात मी स्वतःला दोनदा बघितलं. नवऱ्याच्या आडनावाच्या पानावर निळ्या शाईत माझं नाव आणि पुढे 'आली'. वडिलांच्या पानावर तेच नाव, लाल शाईत, पुढे 'गेली'. त्याच्या वरच्याच ओळीत माझे आजोबा होते, तेही लाल. मी म्हटलं, "काका, मी काय मेलेय?"

"तसं नाही गो. त्या घरातनं गेलीस ना? मग गेली. दोन्हीकडे निळं ठेवलं तर एक माणूस दोनदा मोजलं जाईल."

"मग इकडे लाल आणि तिकडे निळं करा."

काका खरंच विचारात पडले. मग म्हणाले, "असं कधी झालेलं नाही." मी हसून सोडून दिलं, पण खरं सांगते, आतून चांगलंच झोंबलं होतं.

लग्नसराईत त्यांचा मुक्काम दादरच्या हॉलांच्या दारात असायचा. बाहेरच्या फुलांच्या पाटीवर दोन आडनावं दिसली की आत शिरायचे आणि पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना गाठून घरं मोजायला लागायचे. एकदा मुलीच्या मामाने हटकलं, मुलाकडचे की मुलीकडचे? काका शांतपणे म्हणाले, "आडनावाकडचा." तासाभराने तोच मामा त्यांना आग्रहाने जिलबी वाढत होता, कारण काकांनी त्याला त्याच्या खापरपणजोबांचं नाव सांगितलं होतं. कुठल्याही लग्नातून ते उपाशी परतले नाहीत आणि कुठल्याही लग्नाचं त्यांना आमंत्रण नव्हतं.

आता कुणी म्हणेल, रिकामटेकडा छंद. मीही म्हणायचे. पण त्यांच्याबरोबर काम केलेल्या एका सिस्टरने मला सांगितलेली गोष्ट ऐका. इस्पितळात एकदा एक म्हातारा बेशुद्ध आला. बरोबर कुणी नाही, खिशात कागद नाही. शुद्ध हरपण्याआधी तो हमालाजवळ फक्त आडनाव पुटपुटला होता. काका म्हणाले, "हे एकाच वाडीत आहे. चार घरं." त्या तालुक्याच्या एसटी स्टँडवरच्या कँटीनला त्यांनी फोन लावला आणि मालकाला सांगितलं, वाडीची गाडी सुटेल तेव्हा कंडक्टरला निरोप दे, चार घरांत विचार, मुंबईला कोण असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या म्हाताऱ्याचा भाऊ पिशवीत पेज घेऊन वॉर्डाच्या दारात उभा. सिस्टर म्हणाली, म्हाताऱ्याने डोळे उघडले ते भावाकडे बघतच. तेव्हापासून मी रिकामटेकडा हा शब्द काढला नाही.

पण या माणसाचं स्वतःचं पान मात्र वाचवत नव्हतं. पहिल्याच रजिस्टरातलं पहिलं पान. गावात पूर्वी तीन घरं होती, दोनांत मूल झालं नाही, तिसरं काकांचं. काकी लवकर गेल्या. एकच मुलगी. पानाच्या वर लिहिलेलं, घरं: एक. आणि तळाशी पेन्सिलीने, बारीक अक्षरात: माझ्यानंतर बंद. साऱ्या मुंबईची घरं मोजणाऱ्या माणसाला आपलं घर बंद होताना दिसत होतं. या एका गोष्टीवर ते कधी बोलत नसत, पण त्यांची सगळी धावपळ तिथूनच निघालेली होती असं मला वाटतं.

मुलीचं पाहायचं तर ती गुणी, सरळ बोलणारी, बँकेत नोकरीला. तिने दादरच्या एका दुसऱ्या जातीच्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं. चाळीत कुजबुज झाली, पण काकांची काही हरकत नव्हती. जावयाला त्यांनी आडनाव विचारलं, बेचाळीस घरं निघाली, काका खूश. बिनसलं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. मुलगी म्हणाली, मी आडनाव बदलणार नाही.

"मग तुला लिहू कुठे?" काका म्हणाले. हे भिंतीपलीकडून मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

"आहे तिथेच राहू दे ना, बाबा."

"असं नसतं. लग्न झालं की त्या पानावर जावं लागतं."

"तुमच्या पानांसाठी मी लग्न नाही केलं."

ती गेल्यावर काकांनी लाल पेन काढलं आणि 'गेली' असं लिहिलं. पुढच्या खेपेला तिने ते पाहिलं. भांडली नाही, रडली नाही. त्यानंतर दिवाळीला आणि त्यांच्या वाढदिवसाला यायची, चहा प्यायची, तब्येत विचारायची, जायची. तिला मुलगी झाली तेव्हा काका दादरला चांदीचा वाळा घेऊन गेले आणि अर्ध्या तासात परत आले. नातीला ते छकुली म्हणायचे. गोड वागायचे सगळे एकमेकांशी, आणि ते बघून आपलाच जीव गुदमरायचा.

असंच चाललं असतं. पण चाळीच्या छपराची कौलं काढून पत्रे घालायचं ठरलं.

आमचा मजला शेवटचा. काकांच्या खोलीत पलंगाच्या उशाशी एक कौल गळायचं आणि त्याखाली अकरा वर्षं एक बादली होती. मजुरांनी कौलं उतरवायला घेतली त्या दुपारी मी ऑफिसातून लवकर आले होते. बघते तर गॅलरीत काका उकिडवे बसलेत, पुढ्यात ते गळकं कौल, हातात दात घासायचा ब्रश. कौलाच्या पाठीवर मातीतच उठवलेली अक्षरं होती. एका छोट्या बकरीचं चित्र, खाली फ्रान्समधल्या मार्सेय बंदराचं नाव आणि त्याच्या वर एक आडनाव.

"हे कुणाचं?" काका म्हणाले. "इतकी वर्षं माझ्या डोक्यावर आहे. मी एकदा विचारलं नाही."

मी म्हटलं, काका, कारखानदाराचं असेल. पूर्वी बोटीतून यायची म्हणे कौलं.

"माणसाचंच ना पण? मग गाव असेल. घरं असतील." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला फ्रेंच येतं."

ही माझी चूक. आमच्या वेळी गिरगावातली मुलं अकरावीला फ्रेंच घ्यायची, कारण मार्क पडायचे. मला पंच्याण्णव होते. फ्रेंच येत नव्हतं. माझं नाव अमुक, मला सफरचंद आवडतं, खिडकी उघडी आहे, एवढ्यावर माझं फ्रेंच आटोपायचं. पण पंच्याण्णवची फुशारकी मी काकांपुढे कधीतरी मारली होती आणि ते काहीही विसरत नसत.

मग काय, फोन काढला आणि बसलो दोघं. फ्रान्समध्ये कुठल्या काळात कुठल्या जिल्ह्यात कुठल्या आडनावाची किती मुलं जन्मली याच्या याद्या असतात, नकाशेसुद्धा असतात. ते आडनाव घातलं आणि नकाशावर दोनच ठिपके उमटले. एक मार्सेयला, एक वर डोंगरात. काकांनी फोन माझ्या हातातून ओढूनच घेतला.

"म्हणजे त्यांचं सरकार घरं मोजतं?" माणूस इतका खुलला होता की मलाच हसू फुटलं. "अगो, बघ गो. डोंगरात गाव, बंदरावर काम. गाव सोडून भट्टीत आले असणार, आपण गिरणीत आलो तसे. हे आपलेच मां." आणि गॅलरीतून ओरडून त्यांनी तीन मजल्यांना सांगितलं की आपल्या छपरावर फ्रान्सचं दुर्मीळ आडनाव सापडलंय. खालून कुणीतरी विचारलं, परत द्यायचं आहे का?

पुढच्या काळाच्या नकाशात मार्सेयचा ठिपका गेला. त्याच्या पुढच्यात डोंगरातला बारीक झाला. शेवटचा रकाना कोरा होता. काकांनी कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "पोरं झाली नाहीत," ते म्हणाले. "लिही पत्र. कुणाला तरी विचारायलाच हवं."

ते आडनावही मी सांगणार नाही. तुम्ही लगेच फोन काढाल आणि त्या बिचाऱ्या लोकांच्या दारात जाऊन उभे राहाल.

पत्र आम्ही त्या डोंगरातल्या गावाच्या सरपंचाला लिहिलं, तिकडे त्याला काय म्हणत असतील ते असो. काकांनी सांगायचं, मी फोनची मदत घेत लिहायचं. त्यांनी आधी स्वतःची ओळख दिली: नाव, गाव, कुलदैवत. मग विचारलं, या आडनावाचं मूळ काय, घरं किती, कुलदैवत कोणतं. मी म्हटलं, काका, त्यांच्यात कुलदैवत नसतं. "घराचा देव लिही. घर म्हटलं की देव असणारच." मी लिहिलं. पंच्याण्णव मार्कांची लाज राखायची होती.

दीड महिना काका रोज पोस्टमनची वाट अडवून उभे. पोस्टमनचं आडनाव, गाव, घरं सगळं लिहून झालेलं होतं, तरी उभे. आणि एके दिवशी उत्तर आलं. दोन पाकिटं, एकात एक. बाहेरचं ग्रामपंचायतीतल्या बाईंचं. त्यांनी लिहिलं होतं की हे आडनाव म्हणजे मुळात गावाबाहेरच्या एका शेताचं नाव, अक्रोडाखालचं शेत, आणि तिथे राहणारे ते हे लोक. काका मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हणजे कर! आपण कर लावतो तसंच." एके काळी सहा घरं होती. काही माणसं बकऱ्या सोडून बंदरावर कौलांच्या भट्टीत गेली. गावातल्या देवळातल्या संताचं नावही बाईंनी कळवलं होतं. काकांनी ते कुलदैवताच्या रकान्यात निळ्या शाईत उतरवलं, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मान खाली घातली.

आतलं पाकीट एका चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजीबाईंचं. गावात त्या आडनावाच्या आता त्या एकट्याच. हाताने लिहिलेलं थरथरतं अक्षर. भाऊ गेले, चुलतभावांना मूलबाळ नाही, सहातली पाच घरं बंद आहेत, सहाव्याच्या चुलीपाशी बसून मी हे लिहिते आहे. शेवटी एक प्रश्न: आमच्या माणसांनी केलेलं कौल तुमच्याकडे गळतं का हो?

काकांनी बादलीकडे पाहिलं. "लिही," ते म्हणाले, "एक थेंब नाही."

वर्षभर पत्रं चालली. काकांनी त्यांना गौरीच्या आरासीचा फोटो पाठवला, त्यांनी बर्फातल्या घराचा. काका ज्याला त्याला सांगायचे, फ्रान्सला आमच्या ओळखीचं एक घर आहे. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

मग जानेवारीत माझ्या फोनवर एक ईमेल आली. आजीबाई गेल्या. त्यांच्या मुलीने कळवलं होतं. मी ती काकांना वाचून दाखवली. काका उठले, मोरीत गेले आणि भर दुपारी डोक्यावरून गार पाण्याची अंघोळ करून आले. त्या दिवशी चाळीत सव्वीस जानेवारीची सत्यनारायणाची पूजा होती. मुलं प्रसाद घेऊन आली तर म्हणाले, "आम्हाला नको. सुतक आहे."

"कोण गेलं?" सासूबाई घाबरून बाहेर आल्या.

"फ्रान्सची."

चाळ हसली. मीही हसले असते, पण त्यांचा चेहरा बघवत नव्हता. त्यांनी रजिस्टर उघडलं, लाल पेन घेतलं, आजीबाईंचं नाव लिहिलं आणि पानाच्या वर घरं एक होतं ते खोडून लिहिलं: बंद. त्यानंतर आठ दिवस त्यांनी कुणालाही आडनाव विचारलं नाही. नवीन इस्त्रीवाला आला, त्यालाही नाही. मला धास्ती वाटायला लागली. त्यांच्या मुलीला फोन करावा का, हेही मनात येऊन गेलं, पण आपण कोण मध्ये पडणारे म्हणून गप्प बसले.

नवव्या दिवशी सकाळी सहाला दार ठोठावलं. काका. "ती ईमेल दाखव."

मी डोळे चोळत फोन दिला. त्यांना फ्रेंच काही वाचता येत नव्हतं, पण ते वाचत नव्हतेच. बोटाने खाली खाली सरकवत शेवटापाशी गेले आणि थांबले. "हे बघ. हिची सही." त्या अक्षरांवरून त्यांनी ब्रश फिरवला होता, एकेक अक्षर त्यांना पाठ होतं. मुलीच्या नावापुढे तेच आडनाव होतं.

"मुलगी आहे ना काका ती. आईचं लावत असेल."

"लग्न झालंय?"

"मागे आजीबाईंनी लिहिलं होतं, जावई सुतार आहे म्हणून."

"मग ही इथे कशी?" काका म्हणाले. "विचार तिला. आत्ताच्या आत्ता."

मी दात न घासता फ्रेंच लिहायला बसले. दुपारपर्यंत उत्तर आलं आणि मी ते ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचलं. दोनदा वाचलं. मग अर्धी रजा टाकून टॅक्सी करून चाळीत आले, कारण ही गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नव्हती.

"काका, तिचं जन्मापासून आईचंच आडनाव आहे, लग्नानंतरही तिने ते कधी बदललंच नाही. तिच्या दोन्ही मुलांनी बापाच्या आडनावाच्या जागी आजीचं घेतलं, तिकडे आता अर्ज करून घेता येतं. म्हणून त्या यादीत दिसले नाहीत, यादी फक्त जन्माची आहे. आणि तिच्या मुलाला गेल्या महिन्यात मुलगी झालीय. तिचंही तेच आडनाव."

काका बोटांवर मोजायला लागले. "ती, दोन मुलं, ही बारकी. चार." मग उभेच राहिले. "चार माणसं जिवंत असताना मी बंद लिहिलं. अगो, मी बंद लिहिलं." हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मला काय करावं कळेना म्हणून मीही दोन्ही करत होते.

मग एकाएकी त्यांचं हसणं थांबलं. त्यांनी पहिलं रजिस्टर ओढलं आणि पानं उलटायला लागले. पानापानावर लाल शाई. गेली. गेली. गेली. गिरगावच्या, लालबागच्या, शिवडीच्या पोरी, सुना झालेल्या, आज्या झालेल्या, धडधाकट चालत्याबोलत्या बाया, साऱ्या मेलेल्यांच्या रांगेत. माझं पान आलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मी मोजलंच नाही यांना," ते म्हणाले. "माझी मुलगी सांगत होती, आहे तिथेच राहू दे. मी ऐकलं नाही."

तिथून पहिलं पान जवळच होतं. त्यांनी ते उघडलं, मिटलं, आणि रजिस्टर पिशवीत घातलं. त्यावर ते कौल टॉवेलात गुंडाळून ठेवलं. "दादरला येतेस?"

टॅक्सीत त्यांनी ड्रायव्हरला आडनाव विचारलं नाही. सारा वेळ पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते. मी म्हटलं, फोन करून जाऊ या का? म्हणाले, नको, फोनवर ती विचारेल काय काम आहे, आणि मला सांगता येणार नाही.

शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर घर. बेल वाजवली. दार नातीने उघडलं. नऊ वर्षांची, शाळेचा युनिफॉर्म अजून अंगात, हातात अर्धं खाल्लेलं सँडविच. "आजोबा? आज वाढदिवस आहे का?"

काकांना धाप लागली होती. उंबऱ्यातच उभे राहिले. आणि मग, देवाशपथ सांगते, त्यांनी जगातल्या प्रत्येकाला विचारलेला प्रश्न तिला विचारला.

"आडनाव काय तुझं?"

तिला वाटलं खेळ आहे. सँडविच मागे धरून, शाळेत उभं राहून सांगतात तसं तिने पूर्ण नाव सांगितलं. आधी स्वतःचं, मग आईचं, मग बाबांचं आणि शेवटी आडनाव. बेचाळीस घरांचं नव्हे. एका घराचं. जे चाळीच्या जिन्यातल्या पत्र्याच्या पाटीवर काकांच्या नावापुढे एकट्याने लटकत होतं, ते.

आतून काकांची मुलगी येऊन उभी राहिली होती, हात पुसत. तिने बापाकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं.

"नऊ वर्षं झाली, बाबा," ती म्हणाली. "सगळ्या जगाला विचारायचात. मी वाट बघत होते, हिला कधी विचारताय."

काका चपलांच्या स्टँडशेजारच्या स्टुलावर बसले. कौल काढून नातीच्या हातात दिलं आणि रजिस्टर मांडीवर उघडलं. पहिलं पान. लाल 'गेली', तळाशी पेन्सिलीतलं 'माझ्यानंतर बंद'. त्यांनी खिशातून निळं पेन काढलं, टोपण काढलं, परत लावलं. त्यांनी पेन मुलीपुढे धरलं. "तूच लिही. माझ्याच्याने होत नाही."

ती तिथेच जमिनीवर बसली. 'गेली' खोडायला तिने वेळ लावला, सरळ रेघ मारली. त्याखाली आपलं नाव लिहिलं, त्याखाली मुलीचं. पेन्सिलीतली ओळ बोटाने पुसली. मग पानाच्या वर आली, पेन थांबवलं आणि मान वर करून विचारलं, "घरं किती लिहू, बाबा?"

काकांनी दोन बोटं वर केली.